विचारलं तर नाही म्हण

कुसुमने मोडेमची वायर काढली, पदराने पुसली आणि पुन्हा खोबणीत बसवली. वायर पुसल्याने इंटरनेट सुधारतं असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं आणि हे तिलाही ठाऊक होतं. पण तीन दिवसांत शहाणपणाचे सगळे उपाय करून झाले होते, आता वेडेपणाचेच तेवढे उरले होते. मोडेम थोडा वेळ किंचाळला, घरघरला आणि एकदाची लाइन लागली.

"हां, टाका आता," ती म्हणाली आणि रोजच्याप्रमाणे पाठ फिरवून काउंटरपाशी जाऊन उभी राहिली.

मागे खुर्चीत वाळू बसला होता आणि त्याच्या खांद्यावरून वाकून चिंधा पडद्याकडे पाहत होता. वाळू एका बोटाने अक्षरं शोधत होता. एक टक्, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरं टक्. पत्ता टाकून झाला, परवलीचा शब्द टाकून झाला, माउसचा आवाज आला. कुसुमने रस्त्यावरून जाणाऱ्या खानवेलच्या बसकडे पाहत मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजले.

"उघडलं?"

"नई ना, ताई," चिंधा म्हणाला. "परत तेच. परत नाव मागून ऱ्हायलं."

आमलीच्या मुख्य रस्त्यावर कुसुमचा एसटीडी बूथ होता. फोन, फॅक्स, झेरॉक्स आणि गेल्या दिवाळीपासून प्लायवूडच्या आडोशामागे एक कॉम्प्युटर. बाहेरची पाटी तिच्या नवऱ्याने, दत्तात्रयने रंगवली होती. तो सरकारी शाळेत चित्रकला शिकवायचा. 'इंटरनेट' ही अक्षरं त्याने इतकी देखणी काढली होती की लोक थांबून बघत, पण यंत्राला मात्र त्याने आजवर बोट लावलं नव्हतं. यंत्र कुसुमचं होतं. वापीच्या दुकानदाराने दिलेलं जाडजूड पुस्तक तिने डाळ शिजेपर्यंतच्या वेळात, रोज चार पानं असं वाचून संपवलं होतं, आणि सबंध आमलीत कुणाचा कॉम्प्युटर अडला की आता तिलाच बोलावणं यायचं. म्हणूनच या दोघांपुढे हात टेकायचे म्हणजे तिला फार लागत होतं.

चिंधा सुताच्या कारखान्यात मशीनवर होता. धुळ्याकडून आलेला, पंचेचाळिशीचा, बोलण्यापेक्षा ऐकणारा माणूस. अकरा वर्षं त्याच मशीनवर काम करूनही कागदोपत्री तो कारखान्याचा नव्हता, ठेकेदाराचा होता. त्याच्यासकट असे चाळीस जण. त्या चाळिसांनी मिळून मुंबईच्या एका वकीलबाईंकडून केस घातली होती की आम्हाला कायम करा. उद्या अकरा वाजता तारीख होती. वकीलबाईंनी आधी दुसऱ्या एका बूथवर फॅक्स पाठवला, तर तो चिंधाच्या हातात पडायच्या आधी त्याची झेरॉक्स ठेकेदाराच्या खिशात पोचली. डोकमर्डीतल्या कामगारांच्या खोल्यांवर टपालाने आलेली पाकिटं फोडलेलीच मिळायची. तेव्हा वकीलबाईंच्या मदतनीस मुलीने मुंबईत बसून चिंधाच्या नावाने ईमेलचा पत्ता उघडला आणि फोनवर बजावलं, की परवलीचा शब्द बायकोलासुद्धा सांगायचा नाही.

चिंधाने ते इतकं मनावर घेतलं की त्याची बायको सरुबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. शब्द माहीत होता फक्त वाळूला, कारण चिंधाला इंग्रजी अक्षरं येत नव्हती आणि वाळू दहावी झालेला होता. शिवाय तो सरुबाईचा सख्खा भाऊ, चिंधानेच सहा वर्षांपूर्वी गावाहून आणून कारखान्यात चिकटवलेला. त्याच्यावर भरवसा नाही ठेवायचा तर कोणावर?

मंगळवारी दोघं पहिल्यांदा आले. तेव्हापासून रोज पाळी सांभाळून येत होते, आणि रोज मेलची पेटी उघडायची नाही ती नाहीच.

कुसुमला राग याचा होता की यंत्र चूकसुद्धा सांगत नव्हतं. परवलीचा शब्द चुकला तर तांबड्या अक्षरात तसं लिहून यायचं. तिने मुद्दाम चुकवून पाहिलं होतं, आलं होतं. इथे तांबडं काही नाही, तक्रार नाही. नाव घ्यायचं, शब्द घ्यायचा, क्षणभर विचार केल्यासारखं करायचं आणि पुन्हा कोरी पाटी पुढे सरकवायची, जणू तुम्ही कोण आणि कशाला आलात ते विसरूनच गेलं. तिने मोठ्या अक्षरांचं बटण तपासलं. यंत्र बंद करून चालू केलं. गर्दी नसावी म्हणून सकाळी सातला बोलावलं. त्याच यंत्रावर, त्याच खुर्चीत बसून तिने स्वतःची पेटी उघडून पाहिली, ती एका फटक्यात उघडली. म्हणजे यंत्रात खोट नव्हती. आणि शब्द तर बरोबर होता.

"ताई," चिंधा हलक्या आवाजात म्हणाला, "दुपारी फोन केल्ता मुंबईले. ती पोरगी म्हने, सारं मेलमधी आहे, फोनवर बोलायचं नई. चारच्या आत जवाब पायजे म्हने. आज नई उघडलं तं उद्याची तारीख गेली. चाळीस घरं आहेत, ताई."

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. चाळीस घरांचं ओझं तिने मागितलं नव्हतं, पण ते आता तिच्या प्लायवूडच्या आडोशात येऊन बसलं होतं, आणि ती पाठ फिरवून बसगाड्या बघत होती.

पाठ फिरवून. तिचं तिलाच कसंतरी झालं. तीन दिवसांत तिने सगळं पाहिलं होतं, फक्त ही दोघं नेमकं काय करतात तेवढं पाहिलं नव्हतं.

"चिंधाभाऊ, एक करू या. वाळूभाऊंनी शब्द टाकायचा, मी त्यांच्या बोटांकडे बघणार नाही. पडद्यावर शब्दाच्या जागी चांदण्याच दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. पण पडदा मला बघू द्या."

चिंधाने थोडा विचार केला आणि मान हलवली. कुसुम खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

वाळूने नाव टाकलं, शब्द टाकला. एकेक चांदणी उमटत गेली. त्याने माउस दाबला. आणि पडद्याच्या मधोमध एक राखाडी चौकट उगवली. चौकटीत इंग्रजीत चार ओळी आणि खाली दोन बटणं, होय आणि नाही. कुसुम ओळी वाचायला लागणार तोच वाळूने बाण नेऊन 'नाही' दाबलं. चौकट गेली. पुन्हा उगवली. पुन्हा 'नाही'. तिसऱ्यांदा 'नाही'. मग कोरी पाटी आली, नाव मागत.

"अहो, थांबा! हे काय दाबलंत?"

"ते? ते मधीच काहीतरी विचारतं," वाळू म्हणाला. त्याने मान वळवली नाही. "म्हणून नाही म्हणलं."

"पण का?"

उत्तर चिंधाने दिलं, आणि तेही ताठ मानेने. "मीच सांगेल आहे त्याले, ताई. काई बी विचारलं तं नई म्हन. ठेकेदार असाच कागद पुढं करतो. हो म्हना, इथं सही करा, बाकीचं मी भरून घेतो. मागं तीन जनांनी असं हो म्हनलं, अन् त्या कागदावर राजीनामा निघाला. तव्हापासून आपलं ठरेल आहे. वाचल्याबिगर हो नई, अन् सही तं नईच नई."

कुसुमने कपाळाला हात लावला. हसावं की रडावं तिला कळेना. तीन दिवस ती वायरी पुसत होती, आणि दोष होता या माणसाच्या शहाणपणात. नाही, खरं तर दोष तिच्याकडेही होता. संक्रांतीच्या सुमारास एका साहेबांची पेटी उघडीच राहिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाने त्यांची पत्रं वाचली, म्हणून बूथमध्ये मोठी बोंब झाली होती. तेव्हा वापीच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, की कुकी नावाची एक बारीक चिठ्ठी असते, ती घेण्याआधी यंत्राने विचारावं अशी सोय करून ठेवा. तिने ठेवली. त्याने कितपत फरक पडला देव जाणे. रोजची गिऱ्हाइकं 'होय' दाबायला शिकली, ती स्वतः तर न बघताच दाबायची. चौकट आहे हेच ती विसरून गेली होती.

"चिंधाभाऊ, तुमच्या कारखान्यात गेटवर नाव लिहून घेतात ना?"

"हो, वाचमन लिहितो."

"मग बिल्ला देतो. तो दाखवला की आतल्या खात्यात सोडतात. तुम्ही नाव सांगितलंत आणि बिल्ला घेतलाच नाहीत, तर पुढच्या दारावरचा वॉचमन काय म्हणेल? कोण रे तू, जा परत गेटवर. हे तसंच आहे. नाव बरोबर, शब्द बरोबर. ही साइट तुम्हाला बिल्ला देऊ बघतेय आणि तुम्ही तीनदा नको म्हणताय. म्हणून ती तुम्हाला पुन्हा गेटवर पाठवते."

चिंधाने चौकटीच्या जागेकडे पाहिलं. "आमाले कायमवाल्यांसारखा बिल्ला कधी भेटलाच नई, ताई. आमचं नाव निस्तं वहीत. पन समजलं." मग त्याने विचारलं, "हा घेतला तं आपल्याकून काई जातं का?"

"नाही. उठताना मी तो तुमच्यासमोर पुसून टाकीन."

"लिहेल काय आहे ते वाचा आधी."

वाळूने पुन्हा नाव आणि शब्द टाकला, चौकट उगवली आणि कुसुमने वाचलं. ही साइट तुमच्या कॉम्प्युटरवर थोडी माहिती ठेवू इच्छिते, ठेवू द्यायची का. चिंधाने ते एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा वाचायला लावलं, आणि मग म्हणाला, "वाळू, हो म्हन."

वाळूचा हात माउसवर होता. बाण चौकटीपर्यंत गेला आणि तिथे थोडा रेंगाळला. मग त्याने 'होय' दाबलं, तिन्ही वेळा.

पेटी उघडली. कुसुमच्या तोंडून नकळत "अगं बाई!" निघालं आणि चिंधा पहिल्यांदाच हसला. आत एकच पत्र होतं, सकाळी दहाचं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, कारण दुसरा इलाज नव्हता.

"वाचा, वाळूभाऊ."

वाळू एकदम उठला. "तुम्हीच वाचा, ताई. मला असं वाचायला जमत नाही." तो आडोशाच्या कडेला जाऊन, प्लायवूडला टेकून उभा राहिला.

कुसुम बसली. अडखळत, अक्षरं जुळवत वाचू लागली.

"चिंधाभाऊ, नमस्कार. कंपनीच्या वकिलांनी काल कोर्टात एकोणचाळीस कामगारांचे राजीनामे दाखल केले आहेत. सगळ्यांवर सोमवारची तारीख आहे. नावं खाली देते. यादीत फक्त तुमचं नाव नाही."

ती थांबली. बाहेर कोणीतरी फोनसाठी घसा खाकरत होतं.

"सोमवारी माझी सुट्टी व्हती," चिंधा म्हणाला. मग म्हणाला, "नावं वाचा. सारी. एक बी सोडू नका."

कुसुम वाचत गेली. प्रत्येक नावाला चिंधा हलकेच मान हलवत होता, हजेरी घेतल्यासारखी. काही नावांना डोळे मिटत होता. बाविसावं नाव वाचता वाचता कुसुमची नजर पुढच्या ओळीवर गेली आणि तिची जीभ अडकली. हे नाव गिळून टाकावं, चोविसावं घ्यावं, कोणाला कळणार आहे, असं तिला अगदी मनापासून वाटलं. पण एक बी सोडू नका असं सांगणाऱ्या माणसासमोर तिला ते जमेना.

तिने वाळूचं नाव वाचलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट.

चिंधाने मान हलवली नाही. कुसुमने कशीबशी उरलेली सोळा नावं संपवली. वाळूच्या कपाळावर घाम आला होता, आणि पंखा तर त्याच्याच डोक्यावर फिरत होता. तीन दिवस त्याने सांगितलं तेच केलं होतं, की ही पेटी उघडूच नये असं त्याला वाटत होतं? कुसुमने तो विचार तिथेच सोडून दिला. तिला उत्तर नको होतं.

"कव्हा?" चिंधाने विचारलं.

"सोमवारी. रातपाळी सुटल्यावर. गेट लावून घेतलं त्यानं."

"वाचलं व्हतं?"

वाळू जमिनीकडे बघत राहिला. "नाही, दाजी. म्हणला, पहिली तारखेपासून नवीन ठेक्यात सगळ्यांना परत घेतो. जो नाही करेल त्याला घेणार नाही." त्याने बाहीने कपाळ पुसलं. "सोनीचे दिवस भरलेत, आज-उद्या मी बाप होईन. मला रोज सांगायचं होतं. रोज ठरवून यायचो."

चिंधाला राग आला असता तर कुसुमला बरं वाटलं असतं. पण तो नुसता थकल्यासारखा स्टुलावर बसला आणि म्हणाला, "पुढं काय लिहेल आहे, ताई?"

पुढे लिहिलं होतं की एकट्या चिंधाच्या नावावर केस चालू ठेवता येईल. सेवासातत्याचा मुद्दा त्याच्यापुरता शाबूत आहे. फसवून सही घेतली असं कोणी सांगायला पुढे आलं, तर त्यालाही दार बंद नाही. चिंधाची तयारी असेल तर खालचा मजकूर मराठीत लिहून, सही करून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन चारच्या आत फॅक्स करावा. तयारी नसेल तर तसं कळवावं. मी रागावणार नाही, असं वकीलबाईंनी शेवटी लिहिलं होतं.

एकटा माणूस उद्या त्या कोर्टात उभा राहणार, आणि परवा त्याच गेटवर जाणार. कुसुमला त्याची काळजी वाटली, आणि आपण नुसती वाटून घेतोय याची लाजही वाटली.

"लिहा," तो म्हणाला.

तिने मोठा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात मजकूर उतरवला. चिंधाने कागद उजेडाकडे धरून, ओळीखाली अंगठ्याचं नख सरकवत, सबंध वाचला. दोनदा वाचला. मग पेन घेऊन सही केली. सही कसली, चौथीच्या गुरुजींनी शिकवलं तसं पूर्ण नाव, आणि सगळ्यात शेवटी त्यावर एक लांब सरळ रेघ.

साक्षीदार म्हणून खाली कुसुमने सही केली. नवरा सरकारी नोकरीत, ठेकेदाराची माणसं रोज तिच्याच बूथवर फोनला येणारी. दत्तात्रयला आधी विचारायला हवं होतं. तिने नाही विचारलं.

घड्याळात पावणेचार झाले होते.

"अजून एक सही हवी," ती उठत म्हणाली. "शेजारच्या शिंप्याला बोलावून आणते."

"मी करतो," वाळू म्हणाला.

दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. उद्या हा कागद कोर्टात ठेकेदारासमोर येणार, त्यावर कोणाकोणाची नावं आहेत ते तो सगळ्यात आधी बघणार, हे तिघांनाही सांगायला नको होतं. वाळूने हात पुढे केला.

चिंधाने कागद त्याच्या हातात दिला. पेन दिलं नाही.

"आधी वाच."

वाळू खुर्चीत बसला. कागद टेबलावर सरळ केला आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. ओठ हलवत, आवाज न करता वाचू लागला. बाहेरच्या गिऱ्हाइकाने पुन्हा घसा खाकरला. कुसुमने फॅक्स चालू करून ठेवला आणि गिऱ्हाइकाला दहा मिनिटांनी यायला सांगितलं. वाळू पाचव्या ओळीपर्यंत आला आणि थांबला.

"दाजी, सेवासातत्य म्हंजे काय?"

कुसुम सांगणार होती, पण चिंधा आधी बोलला.

"माझी अकरा वर्सं," तो म्हणाला. "तुझी सहा."

वाळूने मान खाली घातली. बोट पुन्हा त्या शब्दावर ठेवलं, तो शब्द परत एकदा वाचला, आणि मग पुढच्या ओळीवर गेला.